तीन तारांची हकीकत : अमेरिकेचे पायबंदाचे धोरण

तार आली म्हणताच घरातल्या माणसांच्या पोटात गोळा यावा, असा एक काळ आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. पाकीट फोडण्याच्या आधीच कोणी डोळ्यांना पदर लावी, कोणी देवापुढे दिवा लावी. आणि मजकूर पुष्कळदा एवढाच निघे की, मुलगा झाला किंवा उद्याच्या गाडीने येतो. २०१३ साली आपल्या सरकारने तारसेवा बंद केली, तेव्हा ती भीतीही इतिहासजमा झाली. राजकारणात मात्र याच्या नेमके उलट घडलेले दिसते. ज्या तारा वाचून राज्यकर्त्यांच्या पोटात खरोखर गोळा यायला हवा होता, त्या त्यांनी वाचल्या आणि फायलीत ठेवून दिल्या.

आजचा आपला विषय अमेरिकेचे शीतयुद्धातील परराष्ट्रधोरण हा आहे. विषय अवाढव्य आहे. पंचेचाळीस वर्षांचा काळ, नऊ राष्ट्राध्यक्ष, सगळे भूगोलाचे पुस्तक! तासाभरात त्याची यादीसुद्धा वाचून होणार नाही. म्हणून मी या विषयाची तीन तारांपुरतीच हकीकत सांगणार आहे. पहिली तार मॉस्कोची, १९४६ सालची. दुसरी पेकिंगची, १९५० सालची. तिसरी ढाक्याची, १९७१ सालची. पहिली वाचली गेली आणि तिच्यावर एका महासत्तेचे धोरण उभे राहिले. दुसऱ्या दोन वाचूनही न वाचल्यासारख्या झाल्या. असे का झाले, एवढाच माझा प्रश्न आहे.

पहिली तार २२ फेब्रुवारी १९४६ रोजी निघाली. दुसरे महायुद्ध संपून उणेपुरे सहा महिने झाले होते. हिटलरचा पाडाव करण्यासाठी खांद्याला खांदा लावून लढलेली अमेरिका आणि सोव्हिएट रशिया ही राष्ट्रे आता एकमेकांकडे संशयाने पाहू लागली होती. रशियाच्या फौजा पोलंड, रुमानिया, हंगेरी या देशांत ठाण मांडून होत्या. उत्तर इराणातही होत्या. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या नव्या संस्थांत सामील व्हायला रशिया का कू का करतो, असा प्रश्न अमेरिकेच्या अर्थखात्याला पडला आणि तो मॉस्कोच्या वकिलातीकडे विचारण्यात आला. राजदूत जागेवर नव्हते. त्यांचा कारभार जॉर्ज केनन नावाचा ४२ वर्षांचा मुत्सद्दी पाहत होता. हा गृहस्थ रशियन भाषेत मुरलेला, रशियाच्या इतिहासात बुडालेला. आजारी असल्यामुळे तो अंथरुणावर होता. पडल्यापडल्या त्याने आपल्या चिटणीसबाईंना उत्तर सांगितले. ते उत्तर काही हजार शब्दांचे झाले आणि इतिहासात ‘लांब तार’ या नावानेच प्रसिद्ध झाले.

या तारेत होते तरी काय? केननचे म्हणणे असे होते की, रशियन राज्यकर्त्यांच्या मनात बाहेरच्या जगाविषयी जी भीती आहे, ती मार्क्सपेक्षा जुनी आहे. उघड्या मैदानी मुलुखावर शतकानुशतके स्वाऱ्या झेललेल्या राज्याची ती भीती आहे. मार्क्सवादाने तिला फक्त तत्त्वज्ञानाचा अंगरखा चढवला. अशा राज्यकर्त्यांना युक्तिवादाने पटवता येणार नाही. पण ते हिटलरसारखे उतावळेही नाहीत. समोर भक्कम भिंत दिसली की ते मागे सरतात. तेव्हा युद्धाची गरज नाही. गरज आहे ती दमाची, सावधपणाची आणि स्वतःचे घर निरोगी ठेवण्याची. तारेच्या शेवटी त्याने एक इशारा दिला होता, तो आपण लक्षात ठेवू या. सर्वांत मोठा धोका हा की, रशियन साम्यवादाशी झुंजताना आपण स्वतःच त्याच्यासारखे होऊन जाऊ!

ही तार वॉशिंग्टनमध्ये वाऱ्यासारखी पसरली. आरमारमंत्री फॉरेस्टल यांनी तिच्या प्रती काढून अधिकाऱ्यांत वाटल्या. तिच्यात नवे असे फारसे काही होते म्हणून नव्हे. वॉशिंग्टनमध्ये अनेकांच्या मनात जे घोळत होते, त्याला तिने शब्द दिले म्हणून. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पहिली तार वाचली गेली, ती खरी होती म्हणून तर खरेच, पण ती सोयीचीही होती म्हणून! १९४७ च्या जुलैमध्ये केननने हाच विचार टोपणनावाने एका त्रैमासिकात मांडला आणि त्यातून पुढे आलेल्या धोरणाला आपल्या मराठीत ‘साम्यवादाला पायबंद’ हे नाव मिळाले. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. पायबंद म्हणजे घोड्याचे मागचे पाय बांधायची दोरी. तिने घोडा मरत नाही, त्याला इजा होत नाही. तो फक्त आवाराबाहेर जात नाही. मात्र दोरीचे दुसरे टोक कशाला तरी बांधलेले असावे लागते, हे आपण विसरतो.

१९४७ च्या फेब्रुवारीत ब्रिटनने अमेरिकेला कळवले की, ग्रीस आणि तुर्कस्तान यांचा भार आमच्या तिजोरीला यापुढे झेपणार नाही. त्यावर १२ मार्च १९४७ रोजी अध्यक्ष ट्रुमन काँग्रेससमोर उभे राहिले आणि त्यांनी या दोन देशांसाठी ४० कोटी डॉलर मागितले. मागणी दोन देशांपुरती होती. पण भाषण साऱ्या जगासाठी होते. जेथे जेथे स्वतंत्र लोक सशस्त्र टोळ्यांच्या किंवा बाहेरच्या दडपणाच्या विरुद्ध उभे राहतील, तेथे तेथे त्यांना साहाय्य करणे हे अमेरिकेचे धोरण असले पाहिजे, असा त्याचा मथितार्थ होता. भाषणाचा खर्डा पाहून केनन स्वतः अस्वस्थ झाला. ग्रीसला मदत द्यावी हे त्याला मान्य होते. पण ‘जेथे जेथे’ या शब्दांना त्याचा आक्षेप होता. त्याच्या हिशेबाने आधुनिक युद्धसामर्थ्य निर्माण करू शकणारी केंद्रे जगात पाचच होती : अमेरिका, ब्रिटन, ऱ्हाइन नदीचा औद्योगिक टापू, जपान आणि रशिया. यांतले एक रशियाकडे आहे. उरलेली चार त्याच्या हाती जाऊ द्यायची नाहीत, की काम झाले. प्रत्येक डोंगरावर आणि प्रत्येक भातखाचरात पहारा देण्याचे कारण नाही.

युरोपात हे धोरण शहाणपणाने चालले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ५ जून १९४७ रोजी परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी हार्वर्ड विद्यापीठात जी योजना सूचित केली, तिच्याखाली चार वर्षांत सुमारे १,३०० कोटी डॉलरांची मदत पश्चिम युरोपला मिळाली. तिच्यातून धान्य आले, कोळसा आला, यंत्रे आली. चुली पेटल्या, कारखाने सुरू झाले. उपाशी माणूस क्रांतीच्या हाकेला लवकर ओ देतो, तेव्हा त्याला आधी जेवू घाला, हा त्यामागचा विचार. रशियाने १९४८ च्या जूनमध्ये बर्लिनची नाकेबंदी केली, तेव्हा अमेरिकेने तोफ डागली नाही. जवळजवळ वर्षभर विमानांनी पीठ आणि कोळसा पुरवला आणि १९४९ च्या मेमध्ये रशियाने नाकेबंदी उठवली. पहिल्या तारेतला दम आणि सावधपणा, दोन्ही येथे दिसतात.

परंतु याच काळात वॉल्टर लिपमन या नामवंत पत्रकाराने एक शंका विचारून ठेवली होती. पायबंद सगळीकडेच घालायचा म्हटले, तर जागा आणि वेळ निवडण्याचा अधिकार प्रतिपक्षाकडे जाईल. आणि अमेरिकेला जगभरचे दुबळे, लहरी, कधी कधी दुराचारीही आश्रित गोळा करून त्यांचे लाड पुरवत बसावे लागेल. दोरीच्या दुसऱ्या टोकाचा प्रश्न तो हाच.

१९४९ साल उलटता उलटता हवा बदलली. ऑगस्टमध्ये रशियाने अणुबाँबची चाचणी केली; ऑक्टोबरमध्ये पेकिंगला माओ त्से-तुंग यांचे सरकार आले. केनन धोरणविभागाच्या प्रमुखपदावरून दूर झाला आणि त्याच्या जागी पॉल निट्झ आले. १९५० च्या एप्रिलमध्ये त्यांच्या देखरेखीखाली एक गुप्त टिपण तयार झाले. त्याचे सार असे की, आता कोठेही झालेला पराभव हा सर्वत्र झालेला पराभव होय. तेव्हा शस्त्रबळ कैक पटींनी वाढवा. वर्षाला सुमारे १,३०० कोटी डॉलर असलेला अमेरिकेचा संरक्षणखर्च थोड्याच वर्षांत ५,००० कोटींच्या घरात गेला. पाच केंद्रांचा हिशेब मागे पडला. सगळे जगच आता एक केंद्र झाले.

या बदललेल्या हवेत दुसरी तार आली. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या फौजा ३८ वा अक्षांश ओलांडून दक्षिणेत घुसल्या. संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली अमेरिकेने दक्षिण कोरियाचा बचाव केला आणि सप्टेंबरात जनरल मॅकार्थर यांनी इंचॉन येथे सैन्य उतरवून आक्रमकांना मागे रेटले. येथवर जे झाले, त्याला पायबंद म्हणता येईल. पण आता ३८ वा अक्षांश ओलांडून सारा कोरियाच एक करावा, असा मोह वॉशिंग्टनला पडला. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर पेकिंगमधील भारताचे राजदूत सरदार के. एम. पणिक्कर यांना चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी झोपेतून उठवून बोलावून घेतले आणि स्पष्ट सांगितले : अमेरिकन सैन्याने ३८ वा अक्षांश ओलांडला, तर चीन युद्धात उतरेल. पणिक्करांनी त्याच रात्री हा निरोप दिल्लीला धाडला. दिल्लीने तो लंडन आणि वॉशिंग्टनला पोचवला.

अशी स्पष्ट सूचना युद्धाच्या इतिहासात क्वचितच मिळते. वॉशिंग्टनने काय केले? तार आणणाऱ्याचे तोंड पाहिले! पणिक्कर हे चीनकडे कललेले गृहस्थ आहेत, सबब ही धमकी पोकळ आहे, असा निकाल परराष्ट्रमंत्री अचेसन यांच्या खात्याने दिला. १५ ऑक्टोबर रोजी वेक बेटावर ट्रुमन यांनी मॅकार्थरना विचारले, तेव्हा चीन उतरण्याचा संभव फारच थोडा, असे उत्तर मिळाले. त्यानंतर आठवड्याच्या आत चिनी सैन्य यालू नदी उतरून कोरियात शिरू लागले होते. नोव्हेंबरच्या अखेरीस बर्फाळ डोंगरांत त्यांनी अमेरिकन फौजांवर असा हल्ला चढवला की, जानेवारीत सोल शहर पुन्हा हातचे गेले. युद्ध आणखी पावणेतीन वर्षे चालले आणि २७ जुलै १९५३ रोजी थांबले, ते जवळजवळ त्याच ३८ व्या अक्षांशावर. अमेरिकेचे ३६ हजारांहून अधिक सैनिक या युद्धात कामी आले. कोरियन आणि चिनी मृतांची गणना लाखांत होते.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ज्यांचा निरोप खोटा ठरवला होता, त्यांच्याच दारात शेवटी दोन्ही पक्ष आले. मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवायला तटस्थ राष्ट्रांचे मंडळ नेमले गेले. त्याचे अध्यक्षपद भारताचे जनरल थिमय्या यांच्याकडे होते आणि कैद्यांच्या छावण्या सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शं. पां. पा. थोरात. दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन त्यांनी ते काम पार पाडले.

या अनुभवाने अमेरिकेचे कान उघडावेत, अशी अपेक्षा कोणी करील. झाले उलटेच. १९५३ साली आयसेनहॉवर अध्यक्ष झाले आणि जॉन फॉस्टर डलेस परराष्ट्रमंत्री. डलेस यांना जग दोनच रंगांत दिसे. अलिप्तता ही कल्पना अपवाद सोडता अनैतिक व अदूरदर्शी आहे, असे त्यांनी १९५६ साली जाहीरपणे सांगितले. १९५३ च्या ऑगस्टमध्ये इराणचे पंतप्रधान मोसादेक यांना आणि १९५४ च्या जूनमध्ये ग्वाटेमालाचे अध्यक्ष आर्बेन्झ यांना अमेरिकन गुप्तहेरखात्याच्या साहाय्याने पदच्युत करण्यात आले. हे दोघेही आपापल्या देशात कायदेशीर मार्गाने अधिकारावर आलेले होते. केननच्या तारेतला शेवटचा इशारा आठवा!

१९५४ च्या मेमध्ये अमेरिकेने पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार केला. ही शस्त्रे साम्यवादाविरुद्ध आहेत, भारताविरुद्ध नव्हेत, असे आश्वासन आयसेनहॉवर यांनी पंडित नेहरूंना पत्राने दिले होते. ते देताना त्यांच्या मनात कपट असेल, असे मला वाटत नाही. पण ज्याच्या हातात शस्त्र दिले, त्याची नजर मॉस्कोकडे नव्हती, श्रीनगरकडे होती. १९६५ च्या सप्टेंबरात, यशवंतराव चव्हाण आपले संरक्षणमंत्री असताना, खेमकरण भागातल्या असल उत्तरच्या शेतांत जे रणगाडे मोडून पडले, ते अमेरिकन पॅटन रणगाडे होते. लिपमनने वर्तवलेले आश्रितांचे लाड ते हेच.

व्हिएतनामची कथा येथे विस्ताराने सांगत नाही. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर दोनदा हल्ला झाल्याचे सांगून अध्यक्ष जॉन्सन यांनी काँग्रेसकडून मोकळा हात मिळवला. त्यांतला दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे आता मान्य झाले आहे. १९६९ साली तेथे अमेरिकेचे ५ लाख ४० हजारांच्या वर सैन्य होते आणि युद्ध संपेतो त्यांची ५८ हजार माणसे गेली. व्हिएतनाम पडला तर चीन सगळा आग्नेय आशिया गिळील, हे त्याचे समर्थन होते. १९७५ च्या एप्रिलमध्ये सायगाव पडले. आणि अवघ्या चार वर्षांनी चीन व व्हिएतनाम हे दोन साम्यवादी शेजारी एकमेकांशीच लढले. १९६६ च्या फेब्रुवारीत सिनेटच्या समितीसमोर एक वृद्धत्वाकडे झुकलेला साक्षीदार, हे युद्ध आपल्या हिताचे नाही, असे शांतपणे सांगत होता. तो साक्षीदार होता जॉर्ज केनन. पायबंदाच्या धोरणाचा जनकच पायबंदाच्या नावाने चाललेल्या युद्धाविरुद्ध साक्ष देत होता, आणि धोरण त्याला ओळखत नव्हते.

आता तिसरी तार. १९७० च्या डिसेंबरात पाकिस्तानात निवडणुका झाल्या. पूर्व बंगालच्या वाट्याच्या १६९ जागांपैकी १६७ जागा शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला मिळाल्या आणि सबंध पाकिस्तानात त्यांचे बहुमत झाले. त्यांना सत्ता देण्याऐवजी जनरल याह्याखान यांनी २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात सैन्य सोडले. विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थी मारले गेले, हिंदू वस्त्या जाळल्या गेल्या. अमेरिकेचे ढाक्यातील प्रमुख अधिकारी आर्चर ब्लड हे हे सारे कळवत राहिले. वॉशिंग्टनमधून उत्तर नाही. अखेर ६ एप्रिल रोजी त्यांच्या कचेरीतून एक तार गेली. वीस अमेरिकन अधिकाऱ्यांनी आपली नावे घालून आपल्याच सरकारच्या धोरणाशी असहमती नोंदवली होती. लोकशाहीचा गळा घोटला जात असताना आपले सरकार बोलत नाही, हे नैतिक दिवाळे आहे, असा तिचा आशय होता. ब्लड यांनी तिला आपला पाठिंबा जोडला.

या वेळी तार आणणारा परका नव्हता, कललेला नव्हता. पगार अमेरिकेचा, शपथ अमेरिकेची, भाषा अमेरिकेची. तरीही तार फुकट गेली, आणि ब्लड यांची ढाक्याहून उचलबांगडी झाली. कारण पुढे उघड झाले. जुलैमध्ये पाकिस्तानच्या दौऱ्यावर असताना, पोट बिघडल्याचा बहाणा करून, हेन्री किसिंजर गुपचूप विमानाने पेकिंगला गेले. निक्सन यांना चीनची मैत्री हवी होती आणि त्या भेटीचा मार्ग याह्याखानांच्या अंगणातून जात होता. म्हणजे पाहा, साम्यवादाला पायबंद घालण्यासाठी जो आश्रित जवळ केला होता, तो आता एका साम्यवादी राष्ट्राचे दार उघडायला उपयोगी पडत होता. आणि त्याची किंमत निवडणूक जिंकलेली बंगाली जनता देत होती. जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात आले. ऑगस्टमध्ये भारताने रशियाशी मैत्रीचा करार केला. डिसेंबरात युद्ध झाले, अमेरिकेने ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली, आणि १६ डिसेंबर रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. ज्याला पायबंद घालायचा होता, त्या रशियाचे वजन भारतीय उपखंडात वाढले, ते अमेरिकेच्याच करणीने!

येथे न्यायबुद्धीने दुसरी बाजूही बोलली पाहिजे. रशियाचे कान याहून बरे नव्हते. १९५६ साली हंगेरीत आणि १९६८ साली चेकोस्लोव्हाकियात त्यांनी रणगाड्यांनी उत्तर दिले. १९७९ च्या डिसेंबरात ते अफगाणिस्तानात शिरले आणि नऊ वर्षांत सुमारे १५ हजार माणसे गमावून परतले. अमेरिकेत निदान केननला सिनेटसमोर साक्ष देता आली, आणि वीस अधिकाऱ्यांना तार पाठवता आली. मॉस्कोत अशी तार पाठवणाऱ्याचे काय झाले असते, हे सांगायला नको.

२५ डिसेंबर १९९१ रोजी गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला आणि क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. दम धरा, ही व्यवस्था आतूनच पोखरत जाईल, हे केननचे भाकीत खरे ठरले. अमेरिका जिंकली, असे म्हणतात. ते खरे आहे. पण कशाने जिंकली? मार्शलच्या मदतीने, बर्लिनच्या पिठाने, आपल्या घरातल्या स्वातंत्र्याने आणि सुबत्तेने. म्हणजे पहिल्या तारेत जे होते, त्याने. यालूच्या काठी, व्हिएतनामच्या भातखाचरांत आणि ढाक्याच्या रात्री जे घडले, त्यातले काहीही त्या विजयाला लागत नव्हते. केनन २००५ साली, वयाच्या १०१ व्या वर्षी वारला. आपले नाव ज्या धोरणाला चिकटले, त्यापासून आपला विचार वेगळा काढून दाखवण्यात त्याचे अर्धे आयुष्य गेले.

हलक्या कानाचा राजा वाईट, असे आपल्याकडे म्हणतात. बंद कानाचा राजा त्याहून वाईट. धृतराष्ट्राजवळ विदुराची उणीव नव्हती. तो विदुराला रात्री-अपरात्री बोलावी, सगळे ऐकून घेई, तुझे म्हणणे खरे आहे असेही म्हणे. आणि सकाळी दुर्योधनाच्या मनासारखे करी. सामर्थ्य वाढले की हेरांची, वकिलातींची आणि तारांची संख्या वाढते. पण नको असलेली बातमी ऐकून घेण्याची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. उलट ती कमी होते. हे केवळ अमेरिकेपुरते खरे नाही. आपला देशही आता दुबळा राहिलेला नाही. अशा वेळी आपल्या दिल्लीत, नव्हे आपल्या नगरपालिकेत, आपल्या संस्थेत आणि आपल्या घरातही, न आवडणारी तार घेऊन येणाऱ्या माणसाला आपण काय उत्तर देतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. पणिक्करांना आणि ब्लडना दिलेले उत्तर आपल्याही तोंडी सहज येण्याजोगे आहे, एवढे लक्षात ठेवले तरी आजची संध्याकाळ वाया गेली नाही, असे मी समजेन.